आरओचं पाणी वापरूनही काचेवर पांढरे ठिपके राहतात, उपाय काय?

काचकाम_इंदूर

नमस्कार मंडळी. विजयनगर आणि सुपर कॉरिडॉर भागात इमारतींच्या काचा बाहेरून धुण्याचं काम करतो. चार मजल्यांपर्यंत आता आम्ही झुला बांधत नाही. खालूनच लांब पोल, वर ब्रश, आणि पोलमधून चढणारं पाणी. ब्रशने घासायचं, स्वच्छ पाण्याने वरून खाली धुवायचं आणि काच तशीच वाळू द्यायची. पुसायला वर कोणी जात नाही, म्हणून पोरांच्या जिवाचा धोकाही टळतो. ही पद्धत मला सोडायची नाही.

अडचण वाळल्यावर येते. सकाळी काच झकास दिसते आणि अकराच्या उन्हात तिरकं पाहिलं की पांढरी वर्तुळं. गडद निळ्या रिफ्लेक्टिव्ह काचेवर तर लांबूनही दिसतात. इमारतीचे मॅनेजर म्हणतात, पैसे काच साफ करायचे दिलेत, ठिपके पाडायचे नाहीत.

टीडीएस मीटरने (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण दाखवणारा) मोजलेले आकडे देतो. बोरिंगचं पाणी ६८०. त्याच इमारतीत सॉफ्टनर आहे, त्याच्या पुढचं पाणी ६९०. नर्मदेच्या नळाचं २१०. घरच्या आरओचं ७०. आरओचं पाणी वापरलं तेव्हा ठिपके खूप कमी झाले, पण गेले नाहीत. सॉफ्टनर लावून आकडा उलट वाढला, हे तर मला समजतच नाही. कोणी म्हणतं व्हिनेगर घाला, कोणी म्हणतं एसीचं पाणी साठवा. नेमकं किती टीडीएस असलं की काच न पुसता चालते? आणि ते पाणी आपल्या इंदूरमध्ये परवडेल अशा खर्चात कसं करायचं?

रामबागेतला_दुकानदार

दादा, माझं काचेचं शोरूम आहे, बाहेरची काच रोज सकाळी आम्हीच धुतो. नर्मदेचं पाणी, बादलीत दोन थेंब भांडी घासायचं लिक्विड, आणि चांगल्या रबराचा वायपर. वायपरचा प्रत्येक हात मारला की रबर कोरड्या फडक्याने पुसायचं. कडेला राहिलेलं पाणी सुती फडक्याने टिपायचं. एक ठिपका राहत नाही. ऊन काचेवर यायच्या आत उरकायचं, एवढंच पथ्य. व्हिनेगरची काही गरज नाही.

पिथमपूर_डीएम

दुकानदारभाऊंचं म्हणणं त्यांच्या काचेपुरतं अगदी बरोबर आहे. हात पोचतो तिथे वायपरच वापरावा. वायपर पाणी वाळण्याआधीच ओढून नेतो, त्यामुळे पाण्यात काय होतं याला महत्त्व उरत नाही. पोलच्या कामात पाणी काचेवरच वाळतं. पाणी उडून जातं, पण त्यात विरघळलेलं उडत नाही. प्रत्येक थेंब म्हणजे एक छोटं मिठागर.

मी पिथमपूरला एका कारखान्यात बॉयलरच्या पाण्याचा डीएम प्लांट, म्हणजे पाण्यातले क्षार काढून टाकणारी यंत्रणा, सांभाळत होतो, आता निवृत्त आहे. पाण्यात न दिसणारं काय असतं, यातच नोकरी गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

६८० टीडीएस म्हणजे लिटरभर पाण्यात ६८० मिलिग्रॅम क्षार. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, बायकार्बोनेट, क्लोराइड, सल्फेट. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ५०० पर्यंत योग्य मानतं आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतं. म्हणजे पिण्याला उत्तम असलेलं पाणीही काचेवर वाळू देण्याच्या लायकीचं नसतं. दोन्हीच्या कसोट्या वेगळ्या आहेत.

हे डोळ्यांनी बघा. काळ्या ग्रॅनाइटचा तुकडा किंवा जुना आरसा स्वच्छ पुसून घ्या. त्यावर ड्रॉपरने एकेक थेंब ठेवा: बोरिंगचा, सॉफ्टनरचा, नर्मदेचा, आरओचा. वाळू द्या. बोरिंगच्या थेंबाच्या जागी मधे जवळजवळ काही नसेल आणि कडेला पांढरी रेघ असेल. थेंब वाळताना कड आधी सुकते, आतलं पाणी कडेकडे ओढलं जातं आणि क्षार तिथे जमा होतात. तुम्हाला ठिपक्याऐवजी वर्तुळ दिसतं ते यामुळे. आता सॉफ्टनरच्या थेंबाच्या डागावर ओलं बोट फिरवा, चटकन निघेल. बोरिंगचा चिवट असेल.

सॉफ्टनरचं कोडं यातच सुटतं. सॉफ्टनर क्षार काढत नाही, बदलतो. कॅल्शियम-मॅग्नेशियम स्वतःकडे ठेवतो आणि त्यांच्या बदल्यात सोडियम पाण्यात सोडतो. एका कॅल्शियमच्या जागी दोन सोडियम येतात. वजनात ४० च्या जागी ४६. म्हणून सॉफ्टनरने टीडीएस कमी होत नाही; ६८० चं ६९० दिसलं हा तुमच्या मीटरचा दोष नाही. गीझरला सॉफ्टनर वरदान आहे, कारण कडक थर धरत नाही. तुमच्या काचेला त्याचा उपयोग नाही.

घरच्या आरओमध्ये दुसरी गंमत आहे. मेम्ब्रेनमधून (आरओच्या गाळणाऱ्या पडद्यातून) निघालेलं पाणी चवीला फिकं लागतं, म्हणून बऱ्याच मशिनांत टीडीएस कंट्रोलर नावाचा छोटा व्हॉल्व्ह असतो आणि तो थोडं कच्चं पाणी मुद्दाम मिसळतो. तुमचे ७० त्यातून आले असण्याची शक्यता मोठी. घरच्या पिण्याच्या मशीनशी छेडछाड करू नका. शिवाय ते तासाला १२-१५ लिटर देतं आणि तुमचा पोल मिनिटाला दीड-दोन लिटर पितो. कामासाठी वेगळी व्यवस्थाच हवी.

आकडा विचारलात. या धंद्यात १० च्या खाली चालतं असं धरतात. तुमच्या गडद काचेसाठी मी १० वर समाधान मानणार नाही, शून्याच्या आसपास ठेवा. त्यासाठी आरओच्या पुढे डीएम रेझिन लागतं, मिक्स्ड बेड. त्यात दोन जातींचे बारीक मणी मिसळलेले असतात. एक जात धन आयन धरून हायड्रोजन सोडते, दुसरी ऋण आयन धरून हायड्रॉक्सिल सोडते. दोघांचं मिळून पाणीच होतं.

नुसतं रेझिन लावून आरओ टाळता येईल का, हा तुमचा पुढचा प्रश्न असेल. तर हिशोब बघा. मिक्स्ड बेडचं एक लिटर रेझिन ढोबळमानाने २५ ग्रॅम क्षार धरतं. बोरिंगच्या लिटरमध्ये ०.६८ ग्रॅम. म्हणजे दहा लिटर रेझिनमधून साडेतीनशे-चारशे लिटर पाणी, तुमच्या पोलचं तीन-चार तासांचं काम, की रेझिन संपलं. तेच पाणी आधी आरओमधून ३०-३५ वर आणलं तर तेवढंच रेझिन सात-आठ हजार लिटर देईल. प्रत्यक्षात थोडं कमी, कारण पाण्यातला विरघळलेला कार्बन डायऑक्साइड आरओ अडवत नाही आणि रेझिनला तो झेलावा लागतो. तरी फरक प्रचंड आहे. सुरुवात नर्मदेच्या पाण्याने केलीत तर आणखी चांगलं.

क्रम असा ठेवा: गाळाचं फिल्टर, मग कार्बन, मग आरओ, शेवटी रेझिन. कार्बन टाळू नका. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि ते मेम्ब्रेन खातं. रात्रभर प्लॅस्टिकच्या टाकीत पाणी साठवा, लोखंडी पिंपात नको. साठवलेलं पाणी सकाळी १-२ दाखवेल. ते हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे, त्याचा डाग पडत नाही, घाबरू नका.

आणि एक कळकळीची गोष्ट. हे पाणी पिण्यासाठी नाही. पोरं उन्हात काम करतात, टाकीतलं स्वच्छ पाणी दिसलं की पितील. त्यांच्या पिण्याचं पाणी वेगळं न्या आणि टाकीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

बडोदेकर_वहिनी

एसीच्या पाण्याबद्दल लिहिते. आमच्याकडे बडोद्याला आठ महिने एसी चालतो, बादली भरते. मीटरवर ते पाणी खरंच कमी दाखवतं, कारण ती हवेतली वाफ थंड होऊन झालेली असते. पण कॉइलवरची धूळ आणि शेवाळ त्यात उतरतं. मी ते गॅलरी पुसायला वापरते. फवाऱ्याच्या बाटलीत भरून काचेवर मारलं तर धुळीचे पुसट ओघळ राहिले. इमारतीच्या कामाला पुरेल इतकं ते साठणारही नाही.

काचकाम_इंदूर

काका, मनापासून आभार. थेंबाचा प्रयोग केला, पोरांनाही दाखवला. शब्दांनी सांगून जे पटत नव्हतं ते त्या वर्तुळांनी पटवलं. आता दोन शंका. ओळखीच्या एकाकडून त्याचं वापरलेलं रेझिन आणून पाणी काढलं, मीटरवर ३ आलं. तरी काही खिडक्यांवर हलका पांढरट थर आहे, आणि तो फक्त खालच्या अर्ध्या भागात. दुसरं, आरओतून जे पाणी वाया जातं ते बघून जीव तुटतो. आमच्या गल्लीत नळ एक दिवसाआड येतात.

पिथमपूर_डीएम

खालच्या अर्ध्यातच थर आहे हे नीट पाहिलंत, अर्धं निदान तिथेच झालं. पाणी दोषी असतं तर पूर्ण काच सारखी दिसली असती. वरच्या ॲल्युमिनियमच्या चौकटीत आणि रबर बीडिंगमध्ये वर्षानुवर्षांची धूळ आणि पांढरी भुकटी बसलेली असते. तुम्ही काच धुऊन ब्रश उचलता, मग त्या खाचेतलं पाणी सावकाश ओघळून स्वच्छ काचेवर येतं. नव्याने हाती घेतलेल्या इमारतीत पहिली धुलाई कधीच एका हातात होत नाही. आधी सगळ्या चौकटी घासून घ्या, पाणी निथळू द्या, मग काच घ्या. चौकटीवरून ओघळणारं पाणी तळहातावर झेलून बघा. राखाडी असेपर्यंत काच सुरू करू नका. काचेवर पाण्याचा सलग पडदा उतरत असेल तर धुताना ब्रश थोडा दूर धरला तरी चालतो. पाणी मण्यांसारखं फुटत असेल तर ब्रश टेकवूनच धुवा, नाहीतर मणी मागे राहतात.

आता ते ३. पेनासारखा मीटर क्षार मोजत नाही. पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि गुणाकार करून टीडीएसचा आकडा दाखवतो. ज्यातून वीज नीट वाहत नाही ते त्याला दिसत नाही. आपल्या माळव्याच्या जमिनीखाली काळा पाषाण आहे, बेसाल्ट. त्यातून येणाऱ्या बोरिंगच्या पाण्यात सिलिका, म्हणजे वाळूचाच विरघळलेला अंश, असते आणि साध्या पाण्यात ती बहुतेक विद्युतभाराविना राहते. जुनं रेझिन थकायला लागलं की आधी सिलिका निसटते. मीटर तेव्हाही छान आकडा दाखवत असतो. प्लांटमध्ये आम्ही त्यासाठी अमोनियम मॉलिब्डेटची वेगळी तपासणी करायचो, नमुना निळा झाला की सिलिका आहे. तुम्हाला तेवढं करायला नको. दुसऱ्याचं वापरलेलं रेझिन घेऊ नका, आणि आकडा शून्यावरून हलायला लागला की १० ची वाट न पाहता बदला. सिलिकेचा डाग लिंबूसत्वाने जात नाही. कॅल्शियमचा जातो.

बाथरूमचं ॲसिड काचेवर कोणाच्याही सांगण्यावरून मारू नका. ॲल्युमिनियम काळवंडतं, खाली कोटा किंवा संगमरवर असेल तर दगड खातं, आणि हाताखालच्या पोरांचे डोळे जातील. लिंबूसत्वसुद्धा दगडावर सांडू देऊ नका. जुना बसलेला डाग सिरियम ऑक्साइड या पॉलिशच्या पावडरने घासून काढतात, पण रिफ्लेक्टिव्ह कोटिंग बाहेरच्या बाजूला असेल तर ते कोटिंगच निघेल. काचेला पेन्सिलीचं टोक टेकवा. टोक आणि त्याचं प्रतिबिंब एकमेकांना भिडलं तर कोटिंग तुमच्या बाजूला आहे. मग घासणं बंद, आणि मॅनेजरला आधीच लेखी कळवा.

वाया जाणाऱ्या पाण्याबद्दल तुमचा जीव तुटतो हे वाचून बरं वाटलं. १९७८ साली नर्मदा इंदूरला आली तेव्हाची गर्दी मला आठवते. नर्मदाकाठच्या जलूदपासून सुमारे ७० किलोमीटर, घाट चढवून, पंपांवर वीज जाळून ते पाणी आपल्या नळाला येतं. ते गटारात सोडायचा हक्क आपल्याला नाही. म्हणून तळमजला आणि हात पोचेल तेवढं सगळं वायपरने, साध्या पाण्याने करा. पोल त्याच्या वरच. आरओचं सोडलेलं पाणी वेगळ्या टाकीत घ्या. निम्मं पाणी शुद्ध निघत असेल तर सोडलेल्यात क्षार जवळपास दुप्पट असतात, नर्मदेच्या २१० चे चारशेच्या आसपास. याने चौकटींची पहिली घासाई करता येते, कारण शेवटी शुद्ध पाण्याने धुणारच आहात. उरलेलं इमारतीच्या पार्किंगच्या फरशीला आणि संडासाच्या फ्लशच्या टाकीला द्या.

काचकाम_इंदूर

चौकटी घासायला तेच पाणी, हे डोक्यातच आलं नव्हतं. संपलेलं रेझिन घरी ॲसिड-कॉस्टिकने परत चालू करता येतं का?

पिथमपूर_डीएम

मिक्स्ड बेड नाही. आधी दोन्ही जातींचे मणी वेगळे करावे लागतात, मग एकीला हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि दुसरीला कॉस्टिक सोडा, मग धुऊन पुन्हा हवेने मिसळणं. आणि निघालेलं पाणी समतोल केल्याशिवाय कुठेही सोडता येत नाही. हे काम प्लांटमध्येच व्हावं. सांवेर रोडच्या औद्योगिक भागात पाण्याच्या मशिनांचं काम करणाऱ्यांकडे चौकशी करा, आणि रेझिन भरलेलं सिलिंडर बदलून मिळतं का ते विचारा. घेताना त्यांच्यासमोर पाणी काढून मीटर लावा, आणि एक थेंब काळ्या ग्रॅनाइटवर वाळवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.