आधी समुपदेशक की आधी शिष्यवृत्ती?

कॉटबेसिस:
सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं, शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. चांगलंच आहे. पण पुण्यात शिकणाऱ्या बाहेरगावच्या पोरांचं निम्मं टेन्शन शिष्यवृत्ती वेळेवर आली तरी जाईल. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी राज्य सरकारची स्वाधार योजना आहे, त्यात अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला पुण्या-मुंबईत वर्षाला ६० हजार मिळतात. त्यात राहण्याचे २० हजार, म्हणजे महिन्याला सोळाशे-सतराशे. एवढ्यात इथे कॉट शोधून दाखवा! हप्ता लांबला की तेवढेही नाहीत. माझा रूममेट महिनाअखेरीला मेसमध्ये खाडे लावतो, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे वाचतात. गावी चाललोय सांगतो आणि खोलीत बिस्किटं खाऊन झोपतो. घरून फोन आला की "जेवलो". त्याला समुपदेशक काय सांगणार, दीर्घ श्वास घे?

आमच्याही_वेळी:
मी 'कमवा आणि शिका'त शिकलोय. शेतात पाणी धरलं, वसतिगृहाची झाडलोट केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली तेव्हा शिष्यवृत्तीचं कुठलं पोर्टल होतं? पैसे नाहीत म्हणायचं आणि हातात वीस हजारांचा फोन. कष्टाची सवय मोडलीय, दुसरं काही नाही.

एटीकेटी_क्वीन:
काका, फोन हप्त्यावर आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज, आधारचा ओटीपी, कॉलेजच्या नोटिसा, सगळं त्यावरच. तुमच्या वेळची फी किती होती तेही लिहा की. माझा भाऊ रात्री पार्सलं पोचवतो, सकाळी प्रॅक्टिकलला पेंगतो आणि ७५ टक्के हजेरी भरली नाही म्हणून टर्म जाते. अजून किती कष्ट करायचे?

मनमोकळं:
मी समुपदेशनाचंच काम करते. 'दीर्घ श्वास' वाचून हसू आलं, रागही आला. माझ्याकडे एकरकमी फी भरणाऱ्या घरची मुलंही येतात. झोप उडालेली, आठवडाभर खोलीबाहेर न पडलेली. त्यांना शिष्यवृत्तीने काय होणार? आणि ज्याच्या बापाने शेत गहाण टाकलंय तो नापास झाला, तर हप्ता जमा होऊनही त्याच्या छातीवरचा धोंडा हलत नाही. एनसीआरबीच्या, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाच्या, नोंदीत २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या आहेत, राज्यांत महाराष्ट्र सर्वांत पुढे. त्या सगळ्या पैशापायी झाल्या असं मानणं धोक्याचं आहे.

कॉटबेसिस:
ताई, सगळ्या पैशापायी असं मी म्हटलंच नाही. पण आमच्याकडच्या समुपदेशन कक्षात कोण बसतं माहितीये? इंटर्नलचे मार्क देणारे सर. (पाटी मात्र कॉलेजला श्रेणी देणारी नॅकची समिती यायच्या आधी झकास रंगवली होती.) त्यांच्यापुढे कोण रडणार?

मनमोकळं:
हे चूकच. मार्क देणाऱ्याला त्या खुर्चीत बसवूच नये. तोवर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लक्षात ठेवा. फुकट आहे, चोवीस तास चालतो.

एटीकेटी_क्वीन:
आणि ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) मुलींना २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमाची फी माफ आहे म्हणून सगळं सुटलं असं कोणी लिहू नका. मेसवाल्या मावशी शासन निर्णय वाचून डबा देत नाहीत.

कॉटबेसिस:
दोन्ही हवं म्हणणं सोपं आहे. कॉलेजने एकाच पदाचा पगार द्यायचा ठरवला, तर मी शिष्यवृत्तीचे अर्ज वेळेत पुढे सरकवणारा क्लार्क मागेन.

मनमोकळं:
मी समुपदेशकच मागेन. तुमच्या रूममेटने खाड्यांचं घरी का सांगितलं नाही, हे त्याला क्लार्क विचारणार नाही.