मदत हवी आहे: गॅमा जीटीवरून दारू सुटली की नाही ते कळतं का?

मंडळी, जरा घाईत लिहितेय. दादा ४६ वर्षांचा, पंधरा वर्षं रोज पिणारा. गणपतीत सोडली म्हणतो, त्याला तीन महिने झाले. काल लिव्हरचा रिपोर्ट आला: एसजीओटी १४८, एसजीपीटी ६१, गॅमा जीटी ४१२ (तिन्ही लिव्हरची एन्झाइम्स, तिन्ही वाढलेली). वहिनी गॅमा जीटीवर बोट ठेवून म्हणते, "हा दारूचाच आकडा, चोरून पितात." दादा म्हणतो, फिटच्या गोळ्यांमुळे वाढलाय (फेनिटॉइन, सहा वर्षं चालू). दोघं एकमेकांशी बोलत नाहीयेत. डॉक्टर सोमवारी भेटतील. खरं कोण बोलतंय?

सीबीसीपण आहे. एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) १०४, प्लेटलेट ९८ हजार. त्याचं काही विशेष नसावं.

प्रतिसाद १
ताई, मी लॅबमध्ये आहे, डॉक्टर नाही. गॅमा जीटी इथे दोन्हीकडून साक्ष देतो. दारू थांबली की दोन-तीन आठवड्यांत तो साधारण निम्म्यावर येतो, त्यामुळे वहिनींना शंका येणं चूक नाही. पण फेनिटॉइननेही तो चढतो, थेंबही न घेता. एमसीव्हीचं तसंच, तांबडी पेशी १२० दिवस जगते, उतरायला वेळ लागतो.

एसजीओटी मात्र एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त आहे. तो गोळ्यांचा नमुना नाही, दारूने बिघडलेल्या लिव्हरचा आहे. एसजीपीटीला काम करायला बी-६ लागतं आणि पिणाऱ्यांत तेच कमी पडतं. पण लिव्हर कशाने बिघडलं एवढंच यातून कळतं, परवा प्यायले का ते नाही. सिरोसिस (लिव्हर कायमचं कडक होणं) असेल तर दारू सोडल्यावरही एसजीओटी वरचढ राहतो.

चोरून पिण्याचंच बघायचं असेल तर सीडीटी नावाची तपासणी असते. तीही गेल्या दोन-तीन आठवड्यांतली भरपूर दारूच पकडते.

भांडण बाजूला ठेवा, मला कमी झालेल्या प्लेटलेट खटकतायत. लिव्हर कडक झालं की प्लीहा फुगते आणि प्लेटलेट तिथे अडकतात. सोमवारी अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते प्रोटीन), पीटी-आयएनआर (रक्त गोठायला लागणारा वेळ), सोनोग्राफी, फायब्रोस्कॅनचं (लिव्हर किती कडक ते मोजणारी तपासणी) विचारा. आणि फिटच्या गोळ्या आपल्या मनाने अजिबात बंद करू नका.

धागाकर्ती
प्लेटलेटपुढे खाली जाणारा बाण होता, आम्ही सगळे वर जाणारेच बघत बसलो. आत्ता कपाटातून मागच्या वर्षीची सोनोग्राफी काढली. 'स्प्लीन १४ सेमी' लिहिलंय. स्प्लीन म्हणजे प्लीहाच ना?