तीन वर्षं हॉटेलचे पॉईंट साठवले, आता एका रात्रीला डबल मागायलेत. काय करावं?

वाळूजची_सेकंडशिफ्ट:
नमस्कार मंडळी, मी संभाजीनगरचा, वाळूज एमआयडीसीत क्वालिटीला आहे. दर महिन्याला दोन-तीन रात्री चाकणला कस्टमरकडं जावं लागतं, हॉटेलचं बिल कंपनी भरते आणि त्यावर मिळणारे पॉईंट (पुढं त्यावर फुकट रूम घेता येते) माझ्या मेंबर नंबरवर जमा होतात (एचआरला विचारून ठेवलंय, कोणी ते काढू नका). असं करत करत आणि थोडे क्रेडिट कार्डाचे ट्रान्सफर करून तीन वर्षांत १,२०,००० झाले. हॉटेलच्या मेंबर प्रोग्रामचं नाव घेत नाही, मोठा आहे एवढंच.

आता आई-वडिलांच्या लग्नाला ५० वर्षं व्हायलीत, तर सगळ्यांनी डिसेंबर एंडला गोव्याला जायचं ठरवलं, दोन रूम, तीन रात्री. मागच्या वर्षी मी बघून डायरीत लिहून ठेवलं होतं, एका रूमला रात्रीला १८,००० पॉईंट, म्हणजे सहा रूम-नाईटचे १,०८,०००, वरून १२ हजार उरतात. परवा रात्री शिफ्टवरून आल्यावर बुक करायला बसलो तर २७ तारखेला ३४,०००, २८ ला ३६,००० आणि २९ ला ४१,०००. एकाच रूमचे १,११,००० झाले की राव! मला वाटलं ॲप गंडलं, लॉगआउट करून परत बघितलं, बायकोच्या मोबाईलवर बघितलं, तेच. मग जुने ईमेल उकरले तेव्हा कळालं की कुठल्या हॉटेलला रात्रीला किती पॉईंट हा ठरलेला तक्ता काढून टाकलाय आणि आता तारखेप्रमाणं भाव. ईमेलमध्ये त्याला 'मेंबरला जास्त पर्याय' म्हणलंय.

इकडं वडिलांनी गंगापूरला सगळ्या भावकीत सांगून ठेवलंय की पोरगा फुकटात गोव्याला न्यायलाय. तर पॉईंट विकत घ्यावे का, का थांबावं, का रोखीनं बुक करून हे पॉईंट तसेच ठेवावे? कोणाला अनुभव असेल तर सांगा.

आडतवाला_लातूर:
भाऊ, तुमचा हमीभाव गेला आणि तुमचा माल आता सौद्यात आला, एवढंच झालंय बगा. आमच्याकडं तुरीचं कसंय, आवक जास्त झाली की भाव पडतो, मिलवाल्याला माल कमी पडला की चढतो, तसंच आहे हे. फरक एवढाच की आडतीत शेतकऱ्याला भाव आवडला नाही तर तो पोती वखारीत ठेवतो, तुमचे पॉईंट वखारीत ठेवले तर किडतात.

आणि हे काही आजचं नाही. मोठ्या हॉटेल कंपन्यांचंच बगा, हिल्टननं २०१७ लाच तक्ता काढला. मॅरियटनं २९ मार्च २०२२ पासून काढला, पहिल्या वर्षी बहुतेक हॉटेलं जुन्या हद्दीतच ठेवली आणि २०२३ पासून दोर सोडून दिला. हयातनं त्याच मार्च २०२२ मध्ये तक्ता ठेवला पण त्यात ऑफ-पीक (गर्दी नसताना), स्टँडर्ड, पीक (गर्दीत) असे तीन भाव केले, सगळ्यात खालच्या पहिल्या कॅटेगरीला तेव्हा ३,५००, ५,००० आणि ६,५००.

कामून करतात ते सांगतो. हॉटेल त्या ब्रँडच्या मालकीचं नसतं बहुतेक वेळा, मालक वेगळाच असतो, एखादा बिल्डर नाहीतर कारखानदार. तुम्ही पॉईंटवर राहिलात की प्रोग्राम त्या मालकाला पैसे देतो. हॉटेल रिकामं असलं तर थोडे देतो, कारण खोली तशीही पडूनच राहिली असती. जवळपास फुल असलं की मात्र रोखीच्या भावाच्या आसपास द्यावे लागतात. म्हणजे २९ डिसेंबरला तुमच्या १८,००० पॉईंटात गोव्याची रूम देणं हा प्रोग्रामला उघड तोटा. आणि तुमच्या-माझ्यासारख्यांकडं पडून असलेले सगळे पॉईंट कंपनीच्या ताळेबंदात देणं म्हणून दिसतात. भाव वाढवला की ते देणं कागदावर हलकं होतं, नोट छापणं त्यांच्याच हातात आहे.

परभणीकरीण:
दादा, आधी घाबरू नका, हिशोब करा. मी अकाउंट्सला आहे म्हणून सवय. पॉईंट किती लागतात हे बघायचंच नाही, एका पॉईंटला किती पैसे मिळतात ते बघायचं. रोखीचा भाव टॅक्स धरून घ्या आणि त्याला पॉईंटनं भागा. पॉईंटवर घेतलेल्या रात्रीला आपल्याकडं सहसा रूमचं बिल शून्य येतं, म्हणून टॅक्स धरायचाच. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० पर्यंतच्या रूमवर ५ टक्के जीएसटी आहे, त्याहून महाग रूमवर १८ टक्के.

समजा २९ डिसेंबरला तुमची रूम रोखीनं २६,००० ला आहे. १८ टक्के धरले तर ३०,६८०. भागिले ४१,०००, म्हणजे पॉईंटला ७५ पैसे. आता तीच रूम जानेवारीत मधल्या वारी ७,००० ला असेल तर ५ टक्के धरून ७,३५०, आणि पॉईंट १६,००० मागत असतील तर ४६ पैसे. म्हणजे जी रात्र बघून तुमची झोप उडाली तीच हिशोबात बरी आणि स्वस्त दिसणारी रात्र उलट वाईट, असंही होऊ शकतं. स्वस्त रात्री सरळ कार्डानं पैसे भरा, त्यावर पॉईंट पण मिळतात.

विकत घ्यायचं म्हणाल तर सेलमधला डॉलरचा भाव घ्या, रुपये करा, वरून कार्डाचा साधारण साडेतीन टक्के फॉरेक्स मार्कअप (परदेशी चलनात खर्चाचा चार्ज) आणि त्या मार्कअपवर जीएसटी लागतो तो धरा. जे येईल ते ७५ पैशाच्या जवळ जात असेल तर कशाला उगाच. तुम्हाला तर लाखभर पॉईंट कमी पडायलेत, तेवढ्यात दुसरी रूम रोखीनं येते.

समृद्धीवरचा_सुसाट:
एवढी डोकेदुखी करण्यापेक्षा म्हैसमाळला जा, एक पॉईंट लागत नाही 😂 आणि कंपनीच्या पैशावर मिळालेल्या पॉईंटची महागाई म्हणजे फुकटच्या घोड्याचे दात मोजणं झालं.

वाळूजची_सेकंडशिफ्ट:
@सुसाट, भाऊ तुम्ही महिन्यातून तीन वेळा पहाटे चारला उठून चाकणला जाऊन दाखवा, मग बोलू फुकटचं.

@परभणीकरीण ताई, हे डोक्यातच नव्हतं आलं. मी नुसता १८ चे ४१ झाले म्हणून बोंबलत बसलो होतो, रोखीचा भाव बघितलाच नाही. आत्ता बघितला, २७ ला २१,५०० आणि २९ ला २७,०००, टॅक्स वेगळा. मागच्या वर्षी मी जो १८,००० चा भाव लिहून ठेवला होता तो पावसाळ्यातल्या कुठल्यातरी मंगळवारचा होता हे पण डायरीतच खाली बारीक लिहिलेलं सापडलं 🤦 तक्ता असताना पण पीक तारखांना जास्तच लागत होते म्हणे. तरी प्रश्न तोच, दुसऱ्या रूमचं काय.

देवगिरीनं_नांदेड:
थोडं माझं पण. पहिलं म्हणजे, जी तारीख हवी ती आत्ताच बुक करून टाका. पॉईंटचं बुकिंग बहुतेक वेळा काही दिवस आधीपर्यंत फुकट कॅन्सल होतं, पण अट नीट वाचा, सिझनला ती मुदत लांब असते. मग आठवड्यातून एकदा परत तीच तारीख बघायची. भाव उतरला की नवीन बुक करायचं आणि जुनं कॅन्सल, पॉईंट परत येतात. आधी नवीन मग जुनं, उलटं करू नका, माझी एकदा हैदराबादची रूम अशीच हातची गेली होती, लग्नसराई होती आणि दोन मिनिटांत 'शिल्लक नाही'.

दुसरं, मॅरियटला पॉईंटवर सलग पाच रात्री घेतल्या तर एक माफ असते, आता भाव रोजचा वेगळा झाल्यामुळं सगळ्यात स्वस्त रात्र माफ होते. हिल्टनला पण पाचवी रात्र माफ आहे पण सिल्व्हर दर्जाच्या आणि त्याच्या वरच्या मेंबरलाच. तुमच्या प्रोग्रामात काय आहे ते बघा, तीन रात्रींत फायदा नाही मात्र.

तिसरं, खातं झोपू देऊ नका. मॅरियटला २४ महिने काहीच हालचाल नसली तर पॉईंट जातात. आणि कार्डाचे पॉईंट हॉटेलात टाकायची घाई कधीच करायची नाही, एकदा टाकले की परत येत नाहीत. मी तर आता तारीख पक्की झाल्याशिवाय ट्रान्सफर करत नाही. असा भाव बदलायचा धक्का ज्यांना नको असेल त्यांच्यासाठी ॲकोर ही हॉटेल कंपनी बरी, २,००० पॉईंट म्हणजे ४० युरो बिलातून कमी, विषय संपला. त्यात मजा नाही, पण फसगत पण नाही.

बाकी डिसेंबरचंच पाहिजे का? गोव्याला पोरांच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत भाव बराच खाली असतो.

आडतवाला_लातूर:
हेच म्हणणार होतो. सगळं गाव एकाच दिवशी माल घ्यायला आलं तर भाव चढणारच की.

वाळूजची_सेकंडशिफ्ट:
अपडेट देतो. काल रात्री जेवताना विषय काढला, म्हणलं बाबा, डिसेंबरचं जरा अवघड दिसतंय. तर वडील म्हणाले, "आमचं लग्न अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशीचं, हे डिसेंबर तू कुठून काढलंस?" मी म्हणलं पोरांच्या सुट्ट्या. तर पोरगी म्हणाली, आम्हाला मे मध्ये महिनाभर सुट्टी असते की. एवढा मोठा उजेड आमच्या घरात पडला.

मे मधले दिवस बघितले. गुरुवार, शुक्रवार १४,५०० आणि शनिवार १७,०००, म्हणजे रूमचे ४६,०००, दोन रूमचे ९२,०००, वरून २८,००० शिल्लक. ताईंच्या हिशोबानं पॉईंटला ५५-६० पैसेच पडायलेत, डिसेंबरपेक्षा कमी, ते कळतंय मला. पण डिसेंबरची दुसरी रूम रोखीनं घ्यायची तर टॅक्स धरून ऐंशी-पंच्याऐंशी हजार खिशातून काढावे लागतील, ते कोण काढणार. बुक करून टाकलं.

आईचं म्हणणं की मे मध्ये गोव्याला घाम येतो. मी म्हणलं आई, ४२ डिग्रीत कुरडया घालणारी बाई तू.

परभणीकरीण:
५५ पैसे चालतात दादा, दोन्ही रूम बसल्या हे महत्त्वाचं. हॉटेलला फोन करून पोरांचं विचारून घ्या, रूममध्ये तिसरा-चौथा माणूस असला की वेगळे पैसे घेतात, ते पॉईंटात नसतात. नाश्त्याचं पण विचारा.

वाळूजची_सेकंडशिफ्ट:
हौ ताई, उद्या फोन लावतो. नाश्त्याचं वडिलांनी कालच विचारलंय, "फुकट म्हणलास ना, मग त्यात इडली धरली का नाही?"