रिमोट किल्लीचा सेल घरी बदलला तर कोडिंग जातं का?

प्रश्न – मृद्गंध

गाडी बटन-स्टार्ट आहे. हल्ली रिमोटची रेंज कमी कमी होत चालली आहे. आधी जिन्यातून कळ दाबली तरी दिवे लुकलुकायचे, आता दाराला खेटून उभं राहून दोन-तीनदा दाबावं लागतं. कालपासून डॅशबोर्डवर किल्लीची खूणही येते आहे. ओळखीतल्या एकाने सांगितलं की सेल काढला की किल्लीचं कोडिंग पुसलं जातं आणि मग गाडी तिला ओळखतच नाही. हे खरं आहे का? किल्लीला स्क्रू कुठेच दिसत नाही, ती उघडायची कशी? आणि त्याआधीच सेल पूर्ण संपला तर? बाबांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं, ऐनवेळी गाडी अडून बसली तर फार पंचाईत होईल.

प्रतिसाद – झाळकाम

कोडिंग जात नाही, निर्धास्त राहा. किल्लीची ओळख ज्या चिपमध्ये असते तिची मेमरी सेलवर अवलंबून नसते. काही जुन्या मॉडेलांत सेल बदलल्यावर रिमोट पुन्हा जुळवून घ्यावा लागतो, पण त्याची कृती गाडीच्या पुस्तिकेत असते आणि ती घरी जमते.

छोट्या सर्किटांची दुरुस्ती हाच माझा व्यवसाय. 'सेल बदलला आणि किल्ली गेली' म्हणून लोक येतात तेव्हा चिप बहुधा ठणठणीत असते. सेल उलटा बसलेला असतो, सेलला टेकणारी आतली धातूची पत्ती दबलेली असते, नाहीतर जाडी चुकलेली असते. या जाडीकडे कुणी लक्ष देत नाही. सीआर२०३२ या सेलच्या नंबरातला २० म्हणजे व्यास २० मिमी आणि ३२ म्हणजे जाडी ३.२ मिमी. सीआर२०२५ तेवढाच रुंद, तेवढ्याच ३ व्होल्टचा, पण २.५ मिमी जाड. २०३२ च्या जागी २०२५ घातला की टेबलावर किल्ली चालते आणि खिशात हलली की बंद पडते, कारण पत्ती सेलला धड टेकतच नाही. म्हणून जुन्या सेलवरचा नंबर वाचूनच नवा आणा. एलआयआर२०३२ दिसायला तसाच, पण तो चार्ज होणारा आहे आणि भरलेला असताना ४.२ व्होल्ट देतो. तो घालू नका.

आता उघडणं. बाजूचा खटका सरकवून आतली धातूची किल्ली आधी बाहेर काढा. ती निघाली की तिथे एक बारीक खाच दिसते. चपट्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला पातळ कापड गुंडाळा, खाचेत घाला आणि पिळा. उचकटू नका, प्लॅस्टिकचे दात तुटतात. कळांची बाजू खाली ठेवून उघडा, म्हणजे रबरी कळा आणि सर्किट जागच्या जागी राहतात. सेल काढण्याआधी फोटो काढा, कारण अधिकची खूण वर की खाली हे प्रत्येक किल्लीत सारखं नसतं. धातूचा चिमटा वापरू नका, तो दोन्ही बाजूंना एकदम लागला की सेल शॉर्ट होतो. सेल कडेने धरा.

मल्टिमीटर असेल तर एक सांगतो: नुसता सेल मोजून निष्कर्ष काढू नका. थकलेला सेलही भार नसताना ३ व्होल्टच्या जवळपास दाखवतो आणि कळ दाबली की झोपतो.

प्रतिसाद – पाचवा गिअर

सेल पूर्ण संपला तरी गाडी सुरू होते. आतल्या धातूच्या किल्लीने दार उघडा. हँडलवर कुलपाचं भोक दिसत नसेल तर ते बहुधा एका छोट्या झाकणाखाली असतं. दार असं उघडल्यावर काही गाड्यांचा भोंगा वाजतो, घाबरू नका. मग ब्रेक दाबून किल्ली स्टार्ट बटनाला टेकवा आणि बटन दाबा. काही मॉडेलांत टेकवायची जागा वेगळी असते, पुस्तिकेत चित्र असतं. किल्लीची ओळख पटवणाऱ्या इमोबिलायझर चिपला लागणारी वीज त्या वेळी गाडीकडूनच मिळते, सेलची गरज नसते. बाबांची निकड आहे म्हणून सांगतो, सेल बदलताना तो बाहेर काढलेला असतानाच हे एकदा करून बघा. अडचणीच्या वेळी पुस्तिका शोधत बसावं लागणार नाही.

प्रतिसाद – रात्रपाळी

मी बालरुग्ण विभागात नर्स आहे, म्हणून कळकळीने लिहिते. घरात लहान मूल असेल तर काढलेला सेल क्षणभरही टेबलावर ठेवू नका. २० मिमीचा सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकतो आणि ओल्या आवरणातून वीज वाहून तिथे तीव्र अल्कली तयार होते. दोन तासांत खोल जखम होऊ शकते. किल्ली चालवायला कमी पडणाऱ्या सेलमध्येही तेवढी वीज शिल्लक असते. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, वाट बघू नका, थेट रुग्णालय गाठा आणि दारातच 'बटन सेल' असं सांगा. एक्स-रे तातडीने व्हायला हवा.

मृद्गंध

सगळ्यांचे मनापासून आभार. किल्ली उघडली तर आत २०२५ निघाला! मी २०३२ च आणणार होते. सेल काढलेला असताना किल्ली बटनाला टेकवून गाडी सुरू केली, झाली. नव्या सेलवर मात्र एकदा चालली, एकदा नाही.

झाळकाम

सेल कडू लागतो असं पाकिटावर लिहिलंय का? मुलांनी थुंकून टाकावा म्हणून काही कंपन्या तसा लेप देतात, आणि काही उपकरणांत तो पत्तीच्या आड येतो. पत्ती जिथे टेकते तेवढीच जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि वाळू द्या.

मृद्गंध

लिहिलंय. पुसलं, आता जिन्यातून लागते. कपाटातल्या दुसऱ्या किल्लीचाही सेल बदलू का?

झाळकाम

बदला. बटन-स्टार्टची किल्ली नुसती पडून असली तरी तिचं सर्किट गाडीच्या हाकेवर कान ठेवून असतं, तेव्हा सेल झिजतोच. ती गाडीपासून लांबच ठेवा. जुन्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा आणि तो ई-कचऱ्यात द्या.