एक जीबीच्या क्लाउड मशीनवर प्रोमेथियस आणि ग्राफाना: डिस्क भरायच्या आधी कसं कळेल?

संकलन_सकाळ (प्रश्न)

नमस्कार. सांगली जिल्ह्यातल्या अकरा गावांच्या दूध संकलन केंद्रांचं सॉफ्टवेअर मी एकटी सांभाळते. मुंबई रीजनमधलं एकच क्लाउड मशीन आहे: २ व्हीसीपीयू, १ जीबी रॅम, २० जीबी डिस्क, वर उबुंटू. पोस्टग्रेस (डेटाबेस) आणि आमचं ॲप दोन्ही डॉकरमध्ये, म्हणजे आपापल्या बंदिस्त कप्प्यात (कंटेनरमध्ये) चालतात.

मागच्या महिन्यात सकाळी सव्वासहाला एका सचिवांचा फोन आला, पावती निघत नाही म्हणून. पाच मिनिटांत बाकीच्या केंद्रांचेही आले. डिस्क १०० टक्के भरली होती, पोस्टग्रेसला वॉल (प्रत्येक बदलाची आधी करायची नोंद) लिहायला जागा उरली नव्हती, म्हणून तो बंद पडला होता. दूध काही थांबत नाही. माणसं किटल्या घेऊन रांगेत उभी, सचिवांनी लिटर आणि फॅट वहीत उतरवून घेतली. पुढचे दोन दिवस त्या वह्या मी हातानं भरल्या आणि त्यात एका आजींच्या म्हशीच्या दुधाची फॅट ६.८ ऐवजी ६.३ पडली. दहा दिवसांच्या बिलावर त्यांनी नेमकं तिथं बोट ठेवलं. चूक दुरुस्त केली, पण ते बोट अजून डोळ्यांसमोर आहे.

म्हणून त्याच मशीनवर कंपोजनं (अनेक कंटेनर एका फाइलीतून चालवणारं डॉकरचं साधन) प्रोमेथियस (आकडे गोळा करून साठवणारा), नोड एक्सपोर्टर (मशीनची डिस्क, रॅम मोजून देणारा) आणि ग्राफाना (त्या आकड्यांचे आलेख दाखवणारा) बसवलं. आता अडलेय ते असं: ग्राफानामध्ये डेटा सोर्सला 'लोकलहोस्ट, पोर्ट ९०९०' दिलं की कनेक्शन नाकारलं जातं. डिस्कच्या पॅनेलमध्ये मूळ फाइलसिस्टिम दिसतच नाही, त्याऐवजी 'होस्ट्स', 'होस्टनेम' असल्या फाइलींची नावं येतात. आणि हे सगळं सुरू केल्यापासून मशीन जड झालंय, काल कर्नलनं मेमरी संपली म्हणून ॲपच मारलं. ग्राफानाचा ३००० पोर्ट सध्या उघडा आहे, यूएफडब्ल्यूमध्ये (उबुंटूची फायरवॉल) बंद केला तरी बाहेरून लागतोच. दूध संकलनाच्या वेळेत हे पुन्हा होऊ नये, एवढंच हवंय.

जुना_लिनक्सवाला

ताई, सगळ्यात आधी ३००० चं बघा. डॉकर पोर्ट उघडताना स्वतःचे आयपीटेबल्स (लिनक्सच्या आतली फायरवॉल) नियम घालतो, त्यामुळे यूएफडब्ल्यूचा नियम त्या वाटेत येतच नाही. कंपोज फाइलमध्ये पोर्टच्या आधी १२७.०.०.१ लिहा, म्हणजे तो फक्त त्या मशीनच्या आतूनच लागेल, आणि तुम्ही एसएसएच टनेलनं (लॉगिनच्या सुरक्षित वाटेनं) बघा. क्लाउडच्या सिक्युरिटी ग्रुपमधूनही (क्लाउडची स्वतःची फायरवॉल) तो काढून टाका. ग्राफानाचा सुरुवातीचा पासवर्ड 'ॲडमिन' असतो. बदलला नसेल तर हे वाचणं थांबवून आधी तो बदला.

कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः. ग्राफानाच्या घरात प्रोमेथियस राहत नाही, म्हणून तिथं कंपोजमधलं सर्व्हिसचं नाव द्यायचं. डिस्कचंही कारण तेच: नोड एक्सपोर्टर स्वतःच्या कंटेनरमध्ये जे माउंट झालंय तेच मोजतोय. होस्टचा रूट आत माउंट करून 'पाथ-रूटएफएस' देता येतो, पण मी तो डॉकरबाहेर सरळ सिस्टमडीची (उबुंटूवर सर्व्हिसेस चालवणारी व्यवस्था) सर्व्हिस म्हणून चालवतो. मशीन मोजणारा मशीनवरच असावा.

जागेची काळजी सोडा. अशा मशीनवर साधारण हजारभर सिरीज (सतत मोजले जाणारे वेगवेगळे आकडे) धरा. १५ सेकंदांना एक नोंद म्हणजे प्रत्येकीच्या दिवसाला ५७६०. एका नोंदीला एक-दोन बाइट, म्हणजे दिवसाला ६ ते १२ एमबी. मुळात १५ दिवसांचाच डेटा ठेवला जातो, तो २०० एमबीच्या आत बसतो. खरी अडचण रॅमची. पोस्टग्रेस, ॲप, प्रोमेथियस, ग्राफाना हे चौघं १ जीबीत नांदणार नाहीत. दुसरं छोटं मशीन घ्या, प्रोमेथियस आणि ग्राफाना तिकडे हलवा. पहिल्यावर फक्त नोड एक्सपोर्टर राहील; त्याचा ९१०० पोर्ट खासगी आयपीवर, फक्त दुसऱ्या मशीनसाठी उघडा.

पण डिस्क भरली कशानं, ते शोधलंत का?

संकलन_सकाळ

शोधलं. ॲपच्या कंटेनरची लॉग फाइल ११ जीबी झाली होती. मी ती घाईत डिलीट केली, तरी जागा मोकळी होईना. शेवटी मशीन रीस्टार्ट केलं.

जुना_लिनक्सवाला

डॉकरनं फाइल उघडी धरलेली असते, म्हणून. डिलीट न करता ट्रंकेट करायची, म्हणजे फाइल तशीच ठेवून आतून रिकामी करायची. आणि डॉकरच्या नेहमीच्या जेसन लॉगला आकाराची मर्यादाच नसते, आपणच घालावी लागते: १० एमबीच्या तीन फाइली पुरेत. एक ध्यानात ठेवा, ही सेटिंग नव्यानं बनवलेल्या कंटेनरलाच लागू होते. जुने रीस्टार्ट करून उपयोग नाही, पुन्हा तयार करावे लागतात.

रात्रपाळी

डिस्कसाठी '९० टक्के झालं की कळवा' यावर थांबू नका. प्रोमेथियसमध्ये प्रेडिक्ट-लिनिअर आहे. गेल्या ६ तासांचा कल बघून पुढच्या २४ तासांत मोकळी जागा शून्यावर येत असेल, शिवाय आत्ताच २५ टक्क्यांहून कमी उरली असेल आणि हे अर्धा तास टिकलं, तरच अलर्ट. लॉग अचानक फुगला तर रात्रीच कळेल. अलर्टमॅनेजरमधून (प्रोमेथियसचे अलर्ट पुढे पाठवणारा) टेलिग्रामवर थेट मेसेज जातो.

पण मला तुमच्या प्रश्नातली रांग जास्त महत्त्वाची वाटते. डिस्क, रॅम, सीपीयू सगळं हिरवं असतानाही पावती बंद पडू शकते. म्हणून दूधच मोजा. क्रॉननं (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारा) दर मिनिटाला पोस्टग्रेसला विचारायचं, प्रत्येक केंद्राची शेवटची नोंद कधीची? उत्तर नोड एक्सपोर्टरच्या टेक्स्टफाइल कलेक्टरच्या फोल्डरमध्ये (तिथल्या फाइलींतले आकडे तो वाचतो), केंद्राचं लेबल लावून. आधी तात्पुरत्या नावानं लिहा, मग नाव बदला, नाहीतर अर्धवट फाइल वाचली जाते. शेवटची नोंद दहा मिनिटांपेक्षा जुनी झाली की अलर्ट.

हा अलर्ट फक्त संकलनाच्या वेळेत वाजावा. नियमात तास लिहिलात तर तो यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरला जातो. आपले सकाळचे ६ म्हणजे तिथले मध्यरात्रीनंतरचे साडेबारा. त्यापेक्षा अलर्टमॅनेजरमध्ये वेळेची खिडकी बनवा आणि तिचं ठिकाण 'एशिया/कोलकाता' द्या.

संकलन_सकाळ

दोघांचे मनापासून आभार. दुसरं मशीन घेतलं, लॉगला मर्यादा घातली, कंटेनर नव्यानं बनवले. पहिल्या मशीनवरचा क्रॉन आता दुसऱ्या मशीनवरचा प्रोमेथियस जिवंत आहे का तेही बघतो.

परवा संध्याकाळी ६:५२ ला एका केंद्राचा अलर्ट आला. मीच सचिवांना फोन लावला. त्यांचं राउटर बंद पडलं होतं आणि ते मला फोन करायलाच निघाले होते. मोबाइलचं नेट जोडून दिलं, रांगेत चारच माणसं थांबली होती.

एक बदल मात्र करावा लागला. सगळ्यात छोट्या केंद्रावर चौदाच जण दूध घालतात, तिथं वीस मिनिटांत काम उरकतं आणि मग अलर्ट उगाच वाजतो. त्यामुळे प्रत्येक केंद्राची खिडकी आणि मर्यादा वेगळी ठेवतेय. किती मिनिटं शांतता असली की काळजी करायची, हे त्या त्या सचिवांना विचारूनच भरतेय. नऊ केंद्रांचं झालं, दोन उरलीत.