जयंती नाल्याजवळचं जुनं घर पाडून नवीन बांधायचंय: जोतं किती उंच घ्यावं?

नाल्याकाठचा

नमस्कार. कोल्हापुरात शाहूपुरीत, जयंती नाल्यापासून दीडशे मीटरवर आजोबांनी बांधलेलं आमचं घर आहे. मी नोकरीला पुण्यात, घरी आई-बाबा दोघंच. २००५ ला पाणी उंबऱ्याला लागून परत गेलं होतं. २०१९ ला घरात पाच फूट होतं, २०२१ ला त्याहून चार बोटं जास्त. २०२४ ला पंचगंगा ४७ फुटांवर गेली तेव्हा गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबलं, पण तेवढ्या रात्री बाबा झोपले नाहीत. दर तासाला बॅटरी घेऊन कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचे.

खालच्या भेंड्याच्या (कच्च्या मातीच्या विटांच्या) भिंतींनी आता पोट काढलंय, दुरुस्तीत अर्थ नाही. जागा २१०० चौरस फूट. पूररेषेच्या नकाशावर आम्ही निळ्या रेषेच्या बाहेर आणि लाल रेषेच्या आत आहोत. ठेकेदार म्हणतो चार फूट भराव टाका आणि वर जोतं घ्या, काही होत नाही. आर्किटेक्टबाई म्हणतात खाली पार्किंग सोडून घर वर न्या. चुलतभाऊ म्हणतो विकून टाका. आईचे गुडघे दुखतात, तिला जिने नकोत. बाबांना जागा सोडायची नाही. दोघांचंही मला पटतं, म्हणून अडकलोय. ज्यांनी अशा जागी बांधलंय त्यांनी सांगा.

पन्हाळावारा

मी तुमच्या भावाच्या मताचा. विका आणि उजळाईवाडीकडे चढावर जागा घ्या. जोवर आलमट्टीच्या (कर्नाटकातलं कृष्णेवरचं धरण) उंचीचं काही ठरत नाही तोवर नदीकाठी पैसा घालू नये.

ओळंबा

बत्तीस वर्षं साइटवर काम केलंय आणि माझं स्वतःचं घर दोन्ही पुरांत बुडालंय, म्हणून सविस्तर लिहितो.

आलमट्टीचा वाद त्याच्या जागी. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं पावसाच्या प्रमाणावर आणि पात्रातल्या अतिक्रमणांवर बोट ठेवलं, त्यावर लोक अजून भांडतात. पण पाणी कुठूनही येवो, तुमच्या भिंतीवर ते किती चढलं हे भिंतीवर लिहिलेलं आहे. घर पाडण्याआधी पहिलं काम म्हणजे ती खूण जपा. गाळाची रेघ अजून दिसत असेल. तिथं खिळा ठोका, फोटो काढा, आणि सर्व्हेअर बोलावून ऑटो लेव्हलनं त्या खिळ्याची पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये काढून घ्या. घर पडलं की ही माहिती गेली, पुन्हा कोणी देऊ शकत नाही.

हे मीटरचं एवढ्यासाठी सांगतो की आपण सगळे पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या फुटांत बोलतो. ३९ ला इशारा, ४३ ला धोका, २०१९ ला ५५ च्या वर. ते फूट बंधाऱ्याच्या पट्टीवरचे आहेत, तुमच्या अंगणातले नव्हेत. मंजुरी मात्र मीटरवर चालते. लाल रेषेची तुमच्या जागेसमोरची पातळी नगररचना किंवा पाटबंधारे खात्याकडून लेखी मागा. नकाशावर रंग बघून घरी येऊ नका, आकडा आणा.

आता नियम. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये निषिद्ध क्षेत्र. निळी आणि लाल यांच्यामध्ये नियंत्रित क्षेत्र, तिथं बांधता येतं. पण डिसेंबर २०२० पासूनच्या राज्याच्या एकत्रीकृत बांधकाम नियमावलीप्रमाणे बांधकाम लाल रेषेच्या पातळीच्या ०.४५ मीटर वर हवं, म्हणजे दीड फूट. तुमच्याकडे घरात पाच फूट होतं आणि उंबरा रस्त्यापासून दीड फूट वर असेल असं धरलं, तर पुराचं पाणी रस्त्यापासून साडेसहा फूट. लाल रेषा त्याच्या आसपास निघाली तर तुमची पहिली फरशी रस्त्यापासून आठ फुटांवर येते. मग ठेकेदाराचा चार फूट भराव नियमात बसत नाही आणि पुरातही पुरत नाही. चार फूट भराव म्हणजे २०१९ चं पाणी भरावावर अडीच फूट, वर दीड फूट जोतं घेतलं तरी नव्या घरात फूटभर. नवीन फर्निचर, नवीन वायरिंग, नवीन लादी, सगळ्यासकट.

निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणारा पूर आणि लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा, हे ऐकून माणसं गाफील होतात. त्याचा अर्थ दरवर्षी निळ्याची शक्यता शंभरात चार आणि लालची शंभरात एक. तीस वर्षांचं गृहकर्ज घेतलंत तर हप्ते फिटेपर्यंत निळ्या पातळीचा पूर निदान एकदा येण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या वर जाते आणि लालची २६ टक्के. तेही गेल्या काळातल्या पावसावरून काढलेलं. तुम्ही दोन वर्षांत दोन महापूर पाहिलेत, तुम्हाला मी काय सांगणार.

तेव्हा आर्किटेक्टबाई बरोबर आहेत. खालचा मजला पाण्याला देऊन टाका. खांबांवर घर, खाली गाडी. पण नुसतं तेवढं करून भागत नाही, खालच्या गोष्टींतच लोक चुकतात.

कंपाउंडची भिंत अखंड वीट बांधू नका. दीड मीटर पाणी एका बाजूला उभं राहिलं की भिंतीच्या दर मीटर लांबीवर टनभर जोर येतो, ती पडणारच. खाली जाळी किंवा लोखंडी पट्ट्या ठेवा. पाणी आत-बाहेर सारखं राहिलं की जोर राहत नाही. पार्किंगलाही कडेनं भिंती नकोत, पुढे कोणी म्हणालं एक खोली काढू भाड्याला, तरी काढू नका.

जमिनीतली पाण्याची टाकी रिकामी असेल तर पुरात वर उचलली जाते. पाच हजार लिटरची टाकी म्हणजे पाच टनांचा वर ढकलणारा जोर. मी फरशी फोडून वर आलेली टाकी डोळ्यांनी पाहिलीय. पूर येणार कळलं की आधी ती भरून ठेवायची. शक्य असेल तर जमिनीत टाकी घेऊच नका.

ड्रेनेज. आपल्याकडं पाणी दारातून यायच्या आधी संडासाच्या भांड्यातून येतं. नाला फुगला की चेंबरमधून उलटं वाहतं आणि ते सगळ्यात घाण पाणी. शेवटच्या चेंबरला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा, तो उघडून साफ करता येईल असा, आणि दर मे महिन्यात साफ करा. खाली संडास ठेवू नका.

विजेचा मीटर आणि मुख्य स्विच पुराच्या खुणेच्या वर, जिन्याच्या टप्प्यावर. पार्किंगच्या दिव्यांची लाइन वेगळी, वरून बंद करता येणारी. पाया मुरूम लागेपर्यंत न्या, शाहूपुरीत काळी माती किती खोल आहे ते खड्डा घेऊनच कळेल. आठ दिवस पाण्यात बसलेली काळी माती पाणी ओसरल्यावर खांबांच्या मधली फरशी खाली-वर करते, म्हणून पार्किंगला महागडी लादी नको, पेव्हर टाका.

आणि एक, हे कुणी नकाशात काढत नाही. पहिल्या मजल्याच्या गॅलरीला कडेकोट ग्रिल लावाल तर त्यात रस्त्याच्या बाजूला आतून उघडणारं दार ठेवा. २०१९ ला बोट घराला टेकली होती आणि शेजारच्या आजींना ग्रिलमधून बाहेर काढता येत नव्हतं. पोरांनी कटर आणेपर्यंत पाऊण तास गेला. त्या पाऊण तासानंतर मी केलेल्या प्रत्येक घराला हे दार आहे.

गाडगंमडकं

दादा, मी कुंभार गल्लीतला. ओळंबासाहेबांनी सगळं सांगितलंय, मी फक्त भरावाचं बोलतो. आमच्या वरच्या बाजूला एकानं जागा पाच फूट उचलली. महापूर आला तेव्हा फरक काय पडला न्हाई, सगळेच बुडालो. पण आता साधा वळवाचा पाऊस झाला तरी त्याच्या जागंतलं पाणी आमच्या ओट्यावर येतंय. आमचा धंदा गणपतीचा. आषाढ-श्रावणात घरात पाय ठेवायला जागा नसती, सगळीकडं कच्च्या मूर्ती. एक वीत पाणी आलं तरी खालची रांग गेली. २०१९ आणि २१ ला तर महिन्यावर सण आणि मूर्तींचा चिखल. तुम्ही खांबावर घर बांधा, खालनं पाणी जाऊ द्या, आम्ही तुमचं नाव काढू. भर टाकू नका एवढंच हात जोडून सांगणं.

ओळंबा

यांचं बरोबर आहे. महापूर हा फुगवट्याचा. पंचगंगा भरली की नाल्याचं पाणी पुढे जात नाही, उलटं मागं येतं. त्याची पातळी एका प्लॉटच्या भरावानं बदलत नाही. पण पावसाचं पाणी रोजचं, ते उताराला जातं, आणि उतार तुम्ही बदललेला असतो. शिवाय प्रत्येकानं चार फूट भर घातली तर पाणी साठायची जागाच राहत नाही.

कृष्णामाईची_लेक

मी सांगलीची. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी ४५ फुटांला धोका, २०१९ ला ५७ च्या वर गेलं, आमचा तळमजला पूर्ण गेला. दोन गोष्टी सांगते. स्वयंपाकघर वर असलं तरी पार्किंगमध्ये माणसं हळूहळू सामान साठवतात. जुनं कपाट, लग्नातली भांडी, मुलांची पुस्तकं. आमची तीच गेली. खाली ठेवायचंच असेल तर कडाप्प्याच्या फळ्या, प्लायवूड नको.

दुसरं, विमा. २०२१ च्या एप्रिलपासून ‘भारत गृह रक्षा’ नावाची ठरावीक पॉलिसी सगळ्या कंपन्यांकडे मिळते, तिच्यात पूर धरलेला आहे. घराच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत सामानही आपोआप येतं, जास्तीत जास्त दहा लाख. बँक फक्त कर्जाएवढा विमा काढून देते, तेवढ्यावर थांबू नका. दरवर्षी मे महिन्यात प्रत्येक खोलीचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. आम्हाला आमच्याच घरात काय काय होतं ते आठवून लिहिताना रडू यायचं.

आणि तुमच्या आईंच्या गुडघ्यांचं कुणी बोललं नाही म्हणून विचारते, त्या दिवसातनं किती वेळा खाली-वर करणार?

वाशिष्ठीकर

चिपळूणहून. तुमची पंचगंगा इशारा देऊन येते, हे तुमचं भाग्य समजा. २२ जुलै २०२१ ला आमच्याकडे पहाटे पाणी चढलं तेव्हा गाडी काढायलाही वेळ मिळाला नाही. वेळ मिळतोय तर तो वापरायची तयारी कागदावर लिहून फ्रिजला चिकटवा: बंधाऱ्यावर अमुक फूट झाले की गाडी हलवायची, अमुक झाले की आई-बाबांनी निघायचं. आयत्या वेळी कोणी ठरवत नाही, सगळे वाट बघतात.

नाल्याकाठचा

सगळ्यांचे मनापासून आभार. गेल्या शनिवारी घरी गेलो होतो. देवघराच्या मागं, जिथं बाबांनी रंग दिला नव्हता, तिथं दोन्ही पुरांच्या रेघा सापडल्या. खिळे ठोकले. सर्व्हेअरनं पातळी काढली. उंबरा रस्त्यापासून एक फूट सात इंच वर आहे, ओळंबाकाकांचा अंदाज जवळपास बरोबर निघाला. लाल रेषेच्या आकड्यासाठी अर्ज दिलाय. ठेकेदाराला भराव नको म्हणून सांगितलं, तो जरा नाराज आहे.

बाबांनी एक वही काढून दाखवली, मला माहीतच नव्हती. प्रत्येक पुराच्या वेळचं लिहून ठेवलंय: किती वाजता गल्लीच्या कोपऱ्यावर आलं, त्या वेळी रेडिओवर बंधाऱ्याचा आकडा काय सांगितला. त्यावरून ४८ ला आमच्या दारासमोरच्या गटारातून पाणी वर येतं आणि ५० ला उंबरा. वाशिष्ठीकर, कागद लिहिला. ४३ ला गाडी, ४५ ला आई-बाबा मावशीकडे राजारामपुरीत. बाबांनी सही केली.

राहिली आई. काका, आठ-नऊ फूट म्हणजे अठरा पायऱ्या. लिफ्टचं बजेट आत्ता नाही.

ओळंबा

वडिलांची ती वही जपून ठेवा, तिची झेरॉक्स काढून गल्लीत प्रत्येक घरी द्या.

लिफ्ट आत्ता नको, पण तिची जागा आत्ताच सोडा. पाच फूट बाय पाच फूट, वरच्या स्लॅबला तेवढी चौकट मोकळी ठेवून तात्पुरती झाका. पुढे बसवाल तेव्हा मशीन आणि पॅनेल वर, खाली फक्त खड्डा, आणि ४३ ला गाडी काढताना लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करायची हे त्या कागदावर लिहा.

जिना नऊ-नऊ पायऱ्यांचा करा, मधला टप्पा चार फुटांचा. टप्प्यावर बसायला कट्टा बांधा, भिंतीत, दगडाचा. दोन्ही बाजूंना कठडा, हाताच्या मुठीत बसेल एवढ्या जाडीचा पाइप. पायरी सहा इंचांपेक्षा उंच घेऊ नका, जागा थोडी जास्त गेली तरी जाऊ द्या. भाजीवाल्यासाठी गॅलरीला कप्पी लावा, आमच्या आईला मी लावून दिली होती. टोपली सोडायची, भाजी वर.

आर्किटेक्टबाईंना सांगा, मधला टप्पा रस्त्याकडं तोंड करून काढा. आईंना तिथं बसून गल्ली दिसली पाहिजे.