मदत हवी आहे: मेटॉनिमी, सिनेक्डकी आणि आयरनीत घोळ होतोय

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता बेळगावात बीए, इंग्रजी विषय घेऊन. वर्गात सर इंग्रजीतून शिकवतात, अडलं की कन्नडातून समजावतात. माझं कन्नड बाजारापुरतं.

इंग्रजीतले अलंकार, म्हणजे फिगर्स ऑफ स्पीच, चालू आहेत. सुरुवातीला सोपं वाटलं. सिमिली म्हणजे उपमा, मेटाफर म्हणजे रूपक, पन म्हणजे श्लेष, पर्सॉनिफिकेशन म्हणजे चेतनगुणोक्ती. शेजारच्या बाकावरच्या कन्नडवाल्याच्या वहीतही उपमा, रूपक, श्लेष हीच नावं. म्हटलं, जिंकलं! मग मेटॉनिमी आणि सिनेक्डकी आली. मराठी व्याकरणाच्या पुस्तकातली अलंकारांची यादी दोनदा चाळली, त्यात ही दोघं नाहीतच. चाचणीत शेक्सपिअरच्या 'ज्युलियस सीझर' नाटकातल्या अँटनीच्या भाषणातलं 'मला तुमचे कान द्या' आलं, मी मेटाफर लिहिलं आणि गुण गेले. आयरनी आणि सारकॅझम यांतला फरकही कळंना झालाय. कुणीतरी आपल्या भाषेत सांगा. पुढच्या सोमवारी पेपर आहे.

प्रतिसाद १

यादीत नाहीत कारण मेटॉनिमी आणि सिनेक्डकी आपल्याकडे अलंकारांत बसतच नाहीत, लक्षणेत बसतात. लक्षणा म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ जमत नाही तेव्हा त्याच्याशी जोडलेला दुसरा अर्थ घेणं. मम्मटाच्या 'काव्यप्रकाश' या काव्यशास्त्रावरच्या संस्कृत ग्रंथातलं ठरलेलं उदाहरण आहे, 'गंगेवर गवळ्यांची वस्ती'. पाण्यावर वस्ती कशी असेल? अर्थ घ्यायचा काठाचा. तुम्हीही म्हणताच ना, खानापूर मलप्रभेवर आहे. शब्द नदीचा, अर्थ शेजारच्या काठाचा. असा लागून असलेल्या गोष्टीचा अर्थ घेतला की मेटॉनिमी.

'बेंगळुरूनं फाईल अडवली' हेही तेच. शहर कशाला फाईल अडवेल, अडवतात तिथले अधिकारी.

सिनेक्डकीत नातं भाग आणि पूर्ण असं असतं. 'घरात खाणारी तोंडं सात', 'लावणीला अजून चार हात पायजेत'. तोंड माणसाचाच तुकडा, हातही. नुसते हात रोपं लावायला येत नाहीत, त्यांच्यामागं माणूस येतो आणि दुपारी जेवायला बसतो.

आता कान. अँटनी रोमनांचे कान कापून मागत नाही, लक्ष मागतो. आपली आजीसुद्धा 'इकडे कान दे' म्हणते. कान हा लक्षाचा तुकडा नव्हे, त्याचं साधन. म्हणून मेटॉनिमी. मेटाफरमध्ये दोन वेगळ्या गोष्टींत साम्य लागतं. कान आणि लक्ष यांत साम्य काय आहे? काहीच नाही. गुण गेले ते बरोबरच गेले, राग मानू नका.

प्रतिसाद २

आयरनीचं मी सांगतो. गावच्या नाटकात खलनायक पडद्यामागं लपलाय, आपल्याला दिसतोय आणि नायक म्हणतोय 'इथं मला कसली भीती!' प्रेक्षकाला ठाऊक, पात्राला नाही, ही ड्रॅमॅटिक आयरनी. घर पाण्याच्या टाकीखालीच आणि नळाला थेंब नाही, ही परिस्थितीची. उशिरा आलेल्याला 'फार लवकर आलास की रे' म्हटलं, ती बोलण्यातली. तिलाच टोचायचा हेतू चिकटला की सारकॅझम, आपला उपरोध. टाकी कुणाला टोमणा मारत नाही, म्हणून तिथं सारकॅझम लिहू नका.

प्रतिसाद ३

विचारलं नाहीत तरी एक सांगते, कारण मी यात आपटलेय. अलिटरेशन, म्हणजे आपला अनुप्रास, जवळजवळच्या शब्दांच्या सुरुवातीला तोच आवाज परत येणं. ते आवाजावर ठरतं, स्पेलिंगवर नाही. 'सिटी' आणि 'कॅट' दोन्ही सी अक्षराने सुरू होतात, पण अलिटरेशन नाही. 'फोन' आणि 'फिश' यांची पहिली अक्षरं वेगळी, तरी आहे. 'नाइफ'मधला के मुका, त्यामुळे त्याची जोडी 'नाइट'शी जमते. शंका आली की कच्च्या कागदावर ओळ देवनागरीत लिहून बघा, लगेच दिसतं. मराठी माध्यमाचा एवढा तरी फायदा घ्या.

आणि उत्प्रेक्षेला इंग्रजीत जोडी शोधत बसू नका. 'जणू' असलेलं बहुतेक सिमिलीतच घालतात.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. आज मधल्या सुट्टीत जेवताना सुचलं: 'डबा खाल्ला' ही मेटॉनिमी ना? खाल्ली तर भाकरी आणि पिठलं.

प्रतिसाद १

अगदी. डबा तर धुवायला घरी परत येतो.